जुन्या गाडीला वास यायचाच, असं म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की दरवर्षी पेपरात कुठल्यातरी हायवेवर नाहीतर घाटात चालत्या गाडीनं पेट घेतल्याची बातमी येते आणि खाली ठरलेलं वाक्य असतं, आगीचे नेमके कारण समजू शकले नाही, नाहीतर मग शॉर्टसर्किटचा अंदाज. असेलही शॉर्टसर्किट. पण ठिणगीला पेटवायला काहीतरी लागतंच की, आणि ते काहीतरी कधीकधी आधी महिना-दोन महिने आपल्या नाकाशी येऊन सांगत असतं. मला ते सहा महिने सांगत होतं आणि मी गाडीत परफ्यूम लावून बसलो होतो, म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं तिथं कापा.

गाडी म्हणजे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडं तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, कुर्ल्याच्या कारखान्यातनं बाहेर पडली तरी इटलीचं नाव काही सुटलं नाही तिचं. वडिलांनी बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली, हँडगिअरवाली (गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली), १०८९ सीसीचं इंजिन, आणि पुढच्या दाराला ती त्रिकोणी काच, जी उघडली की एसीची गरजच नाही असं वडील म्हणायचे आणि आम्ही मागं घाम पुसत हो म्हणायचो. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वयोमर्यादेची वीस वर्षं भरली म्हणून, तेव्हा सगळ्या पेपरांनी फोटो छापले आणि लोकांना वाटलं संपली फियाट. टॅक्सी संपल्या. आमच्यासारख्यांच्या घरच्या गाड्या आहेत अजून, पासिंग करून घेतो आणि आठवड्यातनं एकदा तरी बाहेर काढतो.

तर मागच्या गणपतीच्या आसपास गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. रोज नाही. एखाद्या दिवशी यायचा, मग आठ दिवस गायब. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, चाळीस वर्षांची गाडी आहे, जुन्या गाडीला वास यायचाच." मेव्हणा म्हणाला परफ्यूम लाव. मी लावला, लिंबाचा, आणि मग गाडीत लिंबू पिळलेल्या पेट्रोलचा वास यायला लागला, बायको म्हणाली अहो यापेक्षा नुसतं पेट्रोल बरं होतं. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, मीही. आता कळतंय की "यायचाच" या एका शब्दानं माझे सहा महिने घालवले. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की गरम इंजिनवर थोडा वास येतो हे खरंय, कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल उडतं आणि त्याला हवेची वाट उघडीच असते, आताच्या गाड्यांसारखा वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा तिला नाही. पण काचा लावून आत बसल्यावर पेट्रोलचा वास येणं हे कुठल्याच वयाच्या गाडीला नॉर्मल नाही. माझ्या गाडीला पंचवीस-तीस वर्षं येत नव्हता ना? मग आताच कुठनं आला.

दिवाळीत मिस्त्रीनं बॉनेटखालचा पेट्रोल पाईप बदलला, इंजिनावरच्या पेट्रोल पंपापासनं कार्ब्युरेटरपर्यंतचा आणि पंपाला येणारा, दोन्ही. जुना पाईप वाकवून दाखवला तर त्याला उन्हात पडलेल्या स्लीपरसारख्या भेगा. मला वाटलं सुटलो. वास कमीही झाला. मग जानेवारीत भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला निघालो, कोल्हापुरातनं टाकी फुल करून, आणि मलकापूर सोडून अंबा घाटात शिरलो तर प्रत्येक वळणावर भपकारा. सरळ रस्त्याला काही नाही, वळण आलं की आलाच. बायकोला मळमळायला लागलं, साखरप्यात चहाला थांबलो आणि चारी दारं उघडी टाकून अर्धा तास बसलो. गंमत अशी की येताना त्याच घाटात, तीच वळणं, वास अजिबात नाही! मी म्हटलं देवाची कृपा. देवाची कसली, टाकी अर्ध्यावर आली होती. हे डोक्यात शिरायला मला आणखी पंधरा दिवस लागले, एवढं इंजिनिअरिंगचं गाव आमचं आणि मी त्यात आयुष्य काढलेला माणूस.

इथं जरा सविस्तर लिहितो कारण नुसतं "चेक करा" म्हणून काही होत नाही. वास कधी येतो ते लिहून ठेवायचं, वहीत, तारखेनिशी. टाकी फुल असताना आणि वळणावर आला तर संशय मागं, टाकीच्या वरच्या बाजूला, कारण पेट्रोल हेलकावे खाऊन तिथं पोचतं आणि टाकी अर्धी झाली की पोचत नाही. गाडी तापवून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी आला तर कार्ब्युरेटर, त्यातली सुई नीट बसत नसेल नाहीतर फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, भोक पडून बुडत असेल आणि वाटी भरून वाहत असेल. चालताना येतो आणि उभी असताना येत नाही असं असेल तर डिकीचं रबर बघा, पळत्या गाडीच्या मागं हवेची पोकळी होते आणि ती सायलेन्सरचा धूर नि बाकी काय असेल ते फटीतनं आत ओढते, माणसं पुढं इंजिनात शोधत बसतात. आणि ऑइलची पट्टी काढून तिचा वास घ्या, हे तर कोणीच करत नाही. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, आत एक पडदा असतो, तो फाटला की पेट्रोल खालच्या बारीक भोकातनं टपकतं नाहीतर सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइलची लेव्हल न भरता वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, त्यात पेट्रोल मिसळलंय आणि पातळ ऑइलवर बेअरिंगांची वाट लागते. याच पंपावर पूर्वी टॅक्सीवाले उन्हाळ्यात ओलं फडकं बांधायचे, पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून, जुन्या लोकांना आठवत असेल.

माझ्या वहीत दोन गोष्टी निघाल्या, टाकी फुल आणि वळण. तरी मिस्त्री कार्ब्युरेटरच खोलायला निघालेला, त्याला ते आवडतं. मी म्हटलं थांब.

फेब्रुवारीत एका शनिवारी टाकी गळ्यापर्यंत भरली, दारासमोरच्या चढावर गाडी एका बाजूला कलती राहील अशी लावली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, बॅटरीची मायनस वायर काढली आणि सगळे जोड कोरड्या फडक्यानं लख्ख पुसले. मग तुमच्याच पेपराच्या पट्ट्या कापल्या. होय, तुमच्याच, रद्दी घरात तीच. पंपाच्या दोन्ही जोडांना एकेक, कार्ब्युरेटरखाली एक, खाली टाकीतनं येणाऱ्या नळीच्या जोडाला एक, आणि डिकीतला पुठ्ठा काढून टाकीला जिथं पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या मीटरचा फ्लोट बसवलेला असतो त्या गोल चकतीच्या कडेनं एक. सुती दोऱ्यानं बांधल्या. पेट्रोल उडून जातं, कागद सकाळी कोरडाच मिळतो, पण पेपरची शाई तेलकट असते आणि पेट्रोल लागलं की ती पसरते, ते लपत नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी नात आली होती, नऊ वर्षांची. मी दिवसभर गाडीत डोकं घालून बसलेलो, मला एव्हाना कसलाच वास येत नव्हता. पाच-दहा मिनिटं सतत एकच वास घेतला की नाक त्याची नोंद घेणंच सोडून देतं, म्हणून तर गॅरेजवाल्याला कधीच वास येत नाही आणि तो आपल्याला खोटं ठरवतो. नातीला म्हटलं बाळा मागच्या सीटवर बसून सांग. ती बसली, दोन सेकंदात नाक धरलं आणि सीटच्या पाठीकडं बोट केलं, "आजोबा, इथून येतोय, इथून." बोट केलं ती जागा बरोबर टाकीच्या बाजूची. मागच्या सीटच्या पाठीमागं नुसता पुठ्ठा असतो हो, त्या पुठ्ठ्यापलीकडं डिकी आणि टाकी, आणि याच सीटवर पोरांना बसवून मी सहा महिने फिरवलं. तिला लगेच बाहेर काढलं. परत नाकासाठी लहान पोरांना बसवणार नाही, पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं आणि ते कॅन्सरशी जोडलेलं आहे, हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी सुचलं नाही.

रविवारी सकाळी पट्ट्या सोडल्या. चकतीच्या कडेच्या पट्टीवर गुळाच्या सौद्याचे भाव छापलेले होते, वरचे दोन आकडे स्वच्छ आणि खालचे सगळे फिसकटून करडा डाग. चकतीखालचं पॅकिंग बुचाचं, चाळीस वर्षांचं, बोटानं खरवडलं तर भुगा, आणि एका स्क्रूचे आटे गेलेले, तो नुसता शोभेला. त्याच चकतीवर मीटरची वायर. म्हणजे पेट्रोल आणि करंट एकाच जागी, मध्ये बुचाचा भुगा. मी मिस्त्रीला फोन केला तेव्हा तोही जरा वेळ गप्प झाला.

काम तसं दीड तासाचं. टाकी रिकामी केली, नवीन पॅकिंग कापलं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं, आटे परत पाडले. पण काम करताना बघितलेल्या दोन गोष्टी लिहितोच. मिस्त्रीच्या पोरानं उजेडाला वायरवरचा साधा बल्ब आणला, तो काचेचा, पडला फुटला की आतली तार पेट्रोल पेटवायला पुरेशी आहे, मी तो परत पाठवला आणि दुपारच्या उन्हात काम केलं. आणि त्यांना गाडी खड्ड्यावर घ्यायची होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही, खड्ड्यात उतरून पाण्यासारखी साठते, आणि पेट्रोलचा फ्लॅशपॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासनं त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, शून्याखाली चाळीसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत ती पेटायला तयारच. खड्ड्यात बिडी ओढत बसलेली माणसं मी स्वतः पाहिलीत. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर गॅरेजमध्ये होता, म्हणजे भिंतीवर होता, त्यावर जॅकेट लटकवलेलं.

आता खरा मुद्दा. पंपाला येणाऱ्या जोडाच्या पट्टीवरही शाई पसरलेली निघाली. तो पाईप म्हणजे दिवाळीत बदललेला, नवा कोरा! क्लिप सैल करून काढला तर टोक फुगून मऊ पडलेलं, नखानं दाबलं की खळगा राहतोय. दिवाळीत घातलेला पाईप शिमग्यापर्यंत टिकला नाही. दुकानदार फुटावर कापून देतो, काळा पाईप, त्यावर कंपनीचं नाव नाही, साइज नाही, तारीख नाही, काही छापलेलं नाही. परत गेलो तर म्हणाला सगळे हाच नेतात. मी विचारलं भावा ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालतो का, तर म्हणाला पेट्रोलला चालतो म्हणजे सगळ्याला चालतो.

नाही चालत. जून २०२२ मध्ये देशानं पेट्रोलात १० टक्के इथेनॉल गाठलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपांवर यायला लागलं, २०३० चं २० टक्क्यांचं टार्गेट अलीकडं ओढलं आणि २०२५ मध्ये गाठूनही झालं. माझी गाडी बनली तेव्हा पेट्रोलात शिसं असायचं, ते २००० साली गेलं, त्यालाही या गाड्या सरावल्या. पण इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाला वेगळं वागवतं, फुगवतं, आणि गाडी महिनाभर उभी राहून जोड सुकला की तेच रबर आकसून फट पडते. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. आता माझा पाईप इथेनॉलनं गेला की मुळातच भंगार होता हे मी शपथेवर नाही सांगू शकत, दोघांचाही हात असेल. चांगल्या पाईपावर अंगावरच स्टँडर्ड छापलेलं असतं, एसएई जे३० आर९ असं काहीतरी दिसलं की समजायचं आतून इथेनॉलला टिकणारं अस्तर आहे. तो मी शेवटी पुण्याहून मागवला. तीन-चार पट महाग, पण लागतो किती, मीटरभर.

हे वाचून कोणी म्हणेल हा इथेनॉलविरोधी. अहो मी कोल्हापूर जिल्ह्यातला, घरचा अडीच एकर ऊस आहे, तो ज्या कारखान्याला जातो त्याची डिस्टिलरी आहे आणि इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा लवकर येतात म्हणून बिलं वेळेवर निघतात हेही मला माहीत आहे. माझ्याच शेतातला ऊस माझ्याच गाडीचा पाईप खातोय असं मी घरी म्हणतो आणि कोणी हसत नाही. इथेनॉल बंद करा असं माझं म्हणणंच नाही. म्हणणं एवढंच की पंपावर नोझलच्या शेजारी किती टक्के आहे ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, मी विचारलं तर पंपावरच्या पोराला सांगता आलं नाही आणि त्याचा त्यात काही दोष नाही. आणि पेट्रोलचा पाईप म्हणून दुकानात जे विकलं जातं त्यावर काहीतरी छापलेलं असलंच पाहिजे, बिनछापाचा पाईप विकायलाच बंदी हवी. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, ज्यातनं पेट्रोल जातं त्या नळीवर नाही.

पीयूसीचंही बोललं पाहिजे. डिसेंबरमध्ये, म्हणजे मागं टाकी पाझरत असताना, माझ्या गाडीची पीयूसी झाली आणि पास झाली, कारण ती नळी सायलेन्सरात घालतात, टाकीला कोणी विचारत नाही. सर्टिफिकेट चकचकीत, गाडीत वास. पीयूसीला गाडी आली की बॉनेट उघडून पाईप बोटानं दाबून बघायला एक मिनिट लागतं, तेवढं तरी त्या तपासणीत घाला, दहा रुपये जास्त घ्या.

आणि हे फक्त फियाटवाल्यांचं नाही. गॅसकिट बसवलेल्या जुन्या व्हॅन नि मारुती बघा, वर्षभर गॅसवर पळतात, पेट्रोलचे पाईप आत सुकून कडक होतात आणि एक दिवस गॅस संपला म्हणून पेट्रोल टाकलं की गळती. बोळात, जिन्याखाली लावलेल्या जुन्या स्कूटर, ज्यांच्या पेट्रोलच्या कॉकचं वॉशर गेलंय आणि खाली वाटी ठेवलेली असते. वाटी! आमच्या आळीत अशी एक आहे, शेजारीच गॅसचा सिलिंडर. मालकाला सांगितलं तर म्हणाला स्कूटर जुनी आहे, थोडं गळायचंच.

गाडीचा वास गेलाय. मार्चमध्ये टाकी फुल करून परत अंबा घाट उतरलो, मुद्दाम, बायको काच लावून बसली आणि साखरप्यापर्यंत काही बोलली नाही, तेच सर्टिफिकेट. नव्या पाईपला मी सुतळीनं एक चिठ्ठी बांधून ठेवलीय, कधी बसवला त्याची तारीख, पुढच्या शिमग्याला दाबून बघायचा म्हणून. आणि गुळाच्या भावाची ती फिसकटलेली पट्टी मिस्त्रीनं मागून घेतली, आता त्याच्या गॅरेजमध्ये एक्स्टिंग्विशरच्या वर चिकटवलेली आहे. जॅकेट काढलंय तिथलं.

आपला,
एक फियाटवाला,
कोल्हापूर